आईच्या खात्यात उतरलेली तेवीस माणसं

पहिला मेसेज आला तेव्हा वंदना बारापात्रेचे दोन्ही हात मिरच्यांत होते. भिवापूरहून आणलेल्या सहा किलो मिरच्या दोन दिवस गच्चीवर वाळल्या होत्या आणि आता स्वयंपाकघरात चादर पसरून ती एकेकीचं देठ तोडत बसली होती. अशा हातानं फोनला शिवायचं नाही, हा तिचा नियम. मागे एकदा तोच फोन कानाला लावून अर्धा दिवस कान धरून बसावं लागलं होतं. फोन वाजला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं बाहेर दिवाणावर बसलेल्या सासऱ्यांना हाक मारली.

“मामाजी, पाहा बरं जरा, कोणाचं काय येऊन राहिलं ते.”

नत्थूजी ब्याऐंशी वर्षांचे. पन्नास वर्षं हातमागावर लुगडी विणली, पण अजूनही सुईत दोरा ओवायला शेजारच्या बाया त्यांच्याकडेच यायच्या. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

“अठरा हजार चारशे जमा. बेचाळीस हजार जमा. नऊ हजार साडेसातशे जमा. सूनबाई, तुले लाटरी लागली का वं?”

“मस्करी नका करू, मामाजी.”

“मी काहून मस्करी करू? केली असंन तर तुह्या बँकेनं केली.”

ते बोलत असतानाच चौथा वाजला.

वंदना उठली. साबणानं हात धुतले, तेल लावलं, पुन्हा धुतले आणि पदराच्या टोकात फोन धरून पाहिलं. खरंच होतं. खातं तिचंच, शेवटचे चार आकडे तिचेच. एरवी त्या खात्यात येणारा मोठ्यात मोठा पाहुणा म्हणजे मुदत ठेवीचं तिमाही व्याज. आणि इथं सव्वानऊपासून साडेनऊपर्यंत चार रकमा येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीखाली इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. कुठं ‘घरखर्च’, कुठं ‘फी’. चौथ्या रकमेखाली लिहिलं होतं: ‘आईचं औषध’.

 ती मिरच्यांच्या चादरीवरच बसली.

काळजी करण्यात वंदनाचा हात धरणारं विणकरांच्या तांडापेठेत कोणी नव्हतं, हे खरं. मुलगी दहा मिनिटं उशिरा आली की ही चौकापर्यंत जाऊन उभी राहायची. पण आजची भीती हवेतली नव्हती. गल्लीतल्या पुष्करनं गेल्या वर्षी पाच हजारांसाठी आपलं बँकखातं कुण्या ओळखीच्या माणसाला वापरायला दिलं होतं. त्या खात्यात परक्या लोकांचे पैसे आले, गेले आणि दोन महिन्यांनी पोलीस आले. पुष्करची आई अजून खाली मान घालून किराणा आणायला जाते. ‘मला काय माहीत’ हे वाक्य त्या दिवशी त्या बाईनं किती वेळा म्हटलं असेल, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

आणि वंदनाला तर पुष्करच्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. हेच तर भयंकर होतं.

तिची मुलगी अपेक्षा सत्तावीस वर्षांची. आयटी पार्कमधल्या एका लहानशा कचेरीत बसून एका बाहेरदेशी कंपनीचं काम करायची. कंपनीचा मॅनेजर ऋषिकेश पुण्यात, बाकीचे कुठं कुठं. ‘तू नेमकं करतेस काय?’ असं वंदनानं एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं. अपेक्षानं ओट्यावरचं पीठ बोटानं पसरून दाखवलं होतं.

“हे पाह्य, आई. हा माणूस दुबईत. त्याले घरी पैसे पाठवायचे आहेत. बँकेतून पाठवले तर दोन-तीन दिवस, आणि मधले सगळे आपापला वाटा कापून घेतात. आता तो ते पैसे एका ॲपमध्ये भरतो. तिथं त्याचं एक डिजिटल नाणं होते. त्याची किंमत कायम एका डॉलरइतकी, वर नाही खाली नाही. ते नाणं सेकंदात इकडच्या टोकाले येते, इथं त्याचे रुपये होतात आणि घरच्यांच्या खात्यात पडतात.”

“आणि ते ॲप तू बनवते?”

“नाही न. ॲप दुसऱ्या कंपन्या बनवतात. त्यांच्या इंजिनियर लोकांले मधली यंत्रणा लागते. नाणं घेणारी, भाव लावणारी, रुपये उतरवणारी. ती आम्ही तयार देतो. त्यांनी फक्त जोडून घ्यायची.”

“म्हणजे पैसे तुले दिसत नाहीत.”

“मले फक्त ओळी दिसतात,” अपेक्षा हसून म्हणाली होती. “इकडून निघाले, तिकडे पोचले.”

दिवाळीनंतर पंधरा दिवस वंदनाच्या खात्यात एकेक रुपया जमा होत होता. दिवसातून सहा-सात वेळा. तेव्हाही फोन वाजायचा. “तुह्या कंपनीनं मले एक रुपया पगारावर ठेवलं का वं?” असं तिनं विचारलं, तर अपेक्षा म्हणाली, “चाचणी चालू आहे, आई. खोटा खातेनंबर टाकला तर ती पलीकडची बँकेची यंत्रणा घेतच नाही. मले तुहाच नंबर तोंडपाठ आहे.” ते खरंच होतं. तिसरीत असल्यापासून आईच्या भरणा-स्लिपा तीच भरायची.

मग ते रुपये थांबले आणि वंदना विसरून गेली.

आता ती चादरीवर बसून फोनकडे पाहत होती आणि तो तोंडपाठ नंबर तिच्या छातीवर बसला होता. आपल्या खात्याचा नंबर जगात आणखी कोणाला पाठ आहे? पाचवा मेसेज आला. सहावा आला. मुलीच्या हातून काही झालं का? की मुलीनं काही केलं? दुसरा प्रश्न मनात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं तो झटकला, तर तो पुन्हा आला. गेल्या महिन्यात अपेक्षा म्हणाली होती, मनीषनगरात फ्लॅट पाहून ठेवलाय. पैसे कुठून आणणार विचारलं, तर ‘होईल सोय’ म्हणाली होती.

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. अपेक्षानं सकाळी निघताना सांगितलंच होतं, “आज नऊ वाजता नवीन यंत्रणा सुरू होते, दुपारपर्यंत फोन बंद राहीन.” नवरा गिरिधर मौद्याला वीजकेंद्रात कंत्राटदाराकडे कामाला. तिथं आत जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो. दहा वाजले. मेसेज चौदा झाले.

“मामाजी, मी बँकेत जाऊन येते.”

“पोरीले विचारू दे आधी.”

“तिचा फोन लागतच नाही न. आणि हे येऊनच राहिले.”

नत्थूजींनी तिची पिशवी पुढं सरकवली. मग हळूच म्हणाले, “जाय. पण काय लिहिशील ते नीट लिही.”

लिहिणं हे वंदनाचं काम होतं. बी.कॉम. झाल्यावर अठरा वर्षं तिनं विणकर सोसायटीच्या कचेरीत काढली, ती आवक-जावकच्या टेबलावर. सोसायटी बंद पडली तेव्हा कपाटं भंगारात गेली, पण तिची सवय गेली नाही. कुठंही कागद दिला की त्याची दुसरी प्रत, त्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ. घरच्या गॅसच्या अर्जाचीसुद्धा तिच्याकडे शिक्का मारलेली पोच होती.

बँकेत बाकावर बसून तिनं अर्ज लिहिला. आज सकाळी सव्वानऊपासून माझ्या खात्यात अनोळखी रकमा जमा होत आहेत. या रकमा माझ्या नाहीत. त्यांतली एक आईच्या औषधासाठी पाठवलेली दिसते. मी यांतला एकही रुपया काढलेला नाही. माझं खातं तात्काळ बंद ठेवावं आणि पैसे ज्यांचे त्यांना परत जावेत. इथवर पेन सरळ चाललं. मग थांबलं. अर्ध्या सत्यावर सही करायची तिला सवय नव्हती. बराच वेळ ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली आणि मग तिनं शेवटचं वाक्य लिहिलं: ‘माझी मुलगी अशा स्वरूपाच्या व्यवहारांच्या कंपनीत नोकरीस आहे, तिचा यात संबंध असल्यास त्याचीही चौकशी व्हावी.’

काउंटरच्या आत करिष्मा नावाची तरुण अधिकारी होती. तिनं अर्ज वाचला, संगणकात पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

“काकू, एकवीस एंट्री आहेत.”

“घरून निघाले तेव्हा चौदा होत्या.”

“बावीस,” करिष्मा पडद्याकडे बघत म्हणाली. “अरे देवा. तेवीस.”

तिनं मागे जाऊन मॅनेजरला उठवून आणलं. दोघांनी मिळून खातं गोठवलं. आता आत काही येणार नाही, बाहेर काही जाणार नाही. वंदनानं दुसरी प्रत पुढं सरकवली.

“पोच द्या, मॅडम. आणि वेळ लिहा.”

“वेळ कशाला, काकू? तारीख आहे न शिक्क्यात.”

“लिहा न. काय जाते तुमचं?”

करिष्मानं लिहिली. अकरा वीस.

बँकेच्या पायऱ्या उतरताना वंदनाला वाटलं, आता हलकं वाटेल. तसं झालं नाही. त्या कागदानं खातं थांबवलं होतं, पण जे वाक्य तिनं लिहिलं होतं ते आता सरकारी शाईत पक्कं झालं होतं. ते खरं निघालं तर?

अपेक्षा दीड वाजता घरी आली. गाडी लावायचं भान नव्हतं, ती दारातच आडवी उभी. चेहरा पांढरा फटक. बॅग, ओळखपत्र, काही नाही.

“आई, तुह्या खात्यात पैसे आले का?”

“तुले कसं माहीत?” वंदना म्हणाली, आणि आपल्या आवाजातली धार तिला स्वतःलाच ऐकू आली.

“कसं माहीत म्हणजे? सगळ्या कंपनीले माहीत आहे!” अपेक्षा दिवाणावर कोसळलीच. “तेवीस लोकांचे पैसे एकाच खात्यात गेले, आणि ते खातं यंत्रणा लिहिणारीच्या आईचं. पावणेबाराले माह्यं सगळं बंद केलं त्यांनी. लॅपटॉप ठेवून घेतला. ऋषिकेश सर फोनवर माह्याशी बोलले ते कसे, तर अहोजाहो करून. तीन वर्षांत पहिल्यांदा, आई! चार वाजता कॉल आहे. तिकडची चौकशीवाली बाई आहे. पोलिसांत द्यायचं का नाही, ते ठरवणार.”

“तू केलं का?”

 नत्थूजींनी मान वर केली.

“काय?” अपेक्षा म्हणाली.

“मी विचारून राहिली. तू केलं का?”

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण आलं नाही. ती आईकडे नुसती पाहत राहिली, जणू समोरची बाई तिला कोणीतरी नव्यानं दाखवत होतं. मग ती हळूहळू, सपाट आवाजात बोलू लागली.

“चाचणीत मी एक सोय केली होती. ज्याचं नाव आणि खातं जुळत नाही, एखादं अक्षर इकडंतिकडं असते, त्याचा रुपया परत पाठवण्याऐवजी तुह्या खात्यात टाकायचा. म्हणजे मले तुह्या फोनवर दिसे, की पैसे उतरतात का नाही. आज खरी यंत्रणा सुरू केली. नव्यानं नाही मांडली. चाचणीचंच सगळं ठेवलं आणि खऱ्या व्यवहारांच्या चाव्या, म्हणजे परवलीचे कोड, एकेक करून त्याले जोडल्या. मी नेहमी तसंच करते. म्हणून तर माह्यं काम सगळ्यांच्या आधी होते. ती एक ओळ काढायची राहिली. ज्याचं ज्याचं नाव जुळलं नाही, त्याचे पैसे परत जायचे ते तुह्याकडे आले.”

नत्थूजी दिवाणावरून थोडे पुढे सरकले.

“जुन्याच्या शेपटाले नवा ताणा जोडला म्हण.”

अपेक्षानं मान हलवली. तिला हे मघाशीच, गाडीवर येताना कळलं होतं.

वंदनालाही कळलं. या घरात सहा वर्षांची अपेक्षा मागाखाली बसून आजोबांबरोबर हेच करायची. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की तो मागाच्या फणीतून ओढून काढायचा नाही. शेकडो धागे पुन्हा फणीत भरायला दोन दिवस जातात. फणीत उरलेलं त्याचं शेपूट तसंच ठेवायचं आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटाच्या एकेक धाग्याला पीळ देऊन जोडायचा. पोरीची बोटं बारीक, काम झपाट्यानं व्हायचं. तांडापेठेत हे सगळ्यांनाच येत होतं. तिकडच्या कंपनीत हे कोणाला सुचलंच नसतं, म्हणून ही चूकही दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

“पण जोडल्यावर काय करायचं, ते सांगतलं होतं न मी तुले?” नत्थूजी म्हणाले. “सगळे जोड फणीतून पुढं वढायचे. हातभर चिंधी विनून ते त्याच्यात घ्यायचे. ते चिंधी कापून फेकायची. मंग लुगडं सुरू करायचं. तू जोडाच्या जागीच लुगडं सुरू केलं, पोरी.”

“हो, आबाजी.”

“मंग चोरी नाही केली. कच्चं काम केलं.”

“ते त्यांले कोण सांगन? पैसे माह्या आईच्या खात्यात आहेत.”

वंदना उठली.  कपाटातली फाईल काढली, सगळ्यात वरचा कागद काढला आणि मुलीसमोर धरला.

“मी बँकेत गेली होती. खातं बंद करून आली. तुह्या कंपनीच्या आधी. वेळ पाह्य.”

अपेक्षानं कागद ओढूनच घेतला. शिक्का, सही, अकरा वीस.  “आई! हे... हे तर...” आणि मग डोळे खाली सरकत शेवटच्या वाक्यापाशी गेले.

तिनं ते दोनदा वाचलं. वंदनानं मोजलं.

“हे तू लिहिलं?”

“हो.”

“तुले वाटलं.”

“सहा वेळा फोन लावला तुले.”

“सहा वेळा फोन लावला आणि मग तुले वाटलं.”

 मिरच्यांचा ठसका अजून घरात होता. नत्थूजी खोकले आणि बराच वेळ खोकत राहिले.

“हे वाक्य सोडून बाकीचा फोटो काढू का?” अपेक्षानं विचारलं. “शिक्का खाली डावीकडे आहे. कापता येते.”

 मुलगी वाचण्यासाठी तो कागद हवा होता आणि मुलीला बुडवणारं वाक्यही त्याच कागदावर होतं.

“अर्धा कागद दाखवला तर तो कागदच राहत नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण नाव तुह्यं आहे. तू ठरव.”

चार वाजता ऋषिकेशनं दिलेल्या लिंकवर शेजारच्या खुशीच्या लॅपटॉपवरून कॉल सुरू झाला. पडद्यावर ऋषिकेश, उतरलेल्या तोंडाचा, आणि पलीकडं पिकल्या केसांची, चष्म्याची एक बाई. ती सावकाश, स्वच्छ इंग्रजीत प्रश्न विचारत होती. हे खातं तुमच्या आईचं? हो. ते तुम्ही टाकलंत? हो. का? अपेक्षानं सगळं सांगितलं, जे घरी सांगितलं तेच. बाई लिहून घेत होती. तिचा चेहरा काही सांगत नव्हता.

“हे पैसे परत जावेत यासाठी तुमच्याकडून काही झालं का?” बाईनं विचारलं.

अपेक्षानं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पूर्ण. आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेली. तारीख सांगितली, वेळ सांगितली. शेवटचं वाक्यही तिनं तसंच सांगितलं. माझी मुलगी. चौकशी व्हावी.

ऋषिकेशनं चष्मा काढला. पलीकडच्या बाईनं पेन खाली ठेवलं.

“तुमच्या आईला तुमचा संशय आला?”

“हो, मॅम.”

“त्या तिथं आहेत का?”

वंदना पडद्यासमोर बसली. बी.कॉम.चं इंग्रजी तिला कामापुरतं येत होतं, पण सोसायटीच्या कचेरीत कधी बोलावं लागलं नव्हतं. ती एकेक शब्द ठेवत बोलली.

“मॅडम, मला एक विचारायचं आहे. तुमच्या मोठ्या यंत्रणेतून दोन तासांत तेवीस लोकांचे पैसे एकाच बाईच्या खात्यात गेले. तुमच्याकडं कोणालाच वावगं वाटलं नाही? मला चौथ्यालाच वाटलं. माझ्याकडे फक्त फोन होता.”

बाईनं पेन पुन्हा उचललं, तरी वंदना बोलत राहिली.

“आणि दुसरं. त्यात एकाच्या आईचं औषध आहे. त्याचं काय केलं?”

चौकशीवाल्या बाईनं ऋषिकेशकडं पाहिलं. ऋषिकेश घाईनं म्हणाला, दुपारी दोन वाजेपर्यंत तेवीसही लोकांना कंपनीनं स्वतःच्या पैशातून पाठवले आहेत, बँकेकडून नंतर परत येतील. बाईनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, एकाच खात्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त रकमा गेल्या तर यंत्रणा थांबावी, असा नियम आमच्याकडे नव्हता. आज रात्रीपासून असेल. पोलिसांत जाण्याचं कारण मला दिसत नाही. मिस बारापात्रे तीन महिने खऱ्या व्यवहारांना हात लावणार नाहीत. ही चूक त्यांच्या नावावर लिहिली जाईल. चूक म्हणून.

पडदा काळा झाला. अपेक्षानं लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिली. वंदनाला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो अर्ध्यावर थांबला, मिरच्यांमुळं की कशामुळं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

“ते वाक्य खोडता आलं असतं तुले,” अपेक्षा म्हणाली. “बँकेतून निघताना तरी.”

“खोडलेल्या अर्जावर शिक्का मारत नाहीत.”

अपेक्षाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याबरोबरच दुपारपासून अडलेलं सगळं रडूही. ती रडली ते लहानपणी पडल्यावर रडायची तसं, तोंड उघडून. नत्थूजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

रडू ओसरल्यावर अपेक्षा म्हणाली, “आता वाटते का तुले?”

“नाही.”

“कधीपासून नाही?”

वंदनानं विचार केला. खोटं सांगणं सोपं होतं आणि मुलगी तेच ऐकायला बसली होती.

“तू तो कागद पूर्ण दाखवला तेव्हापासून,” ती म्हणाली.

अपेक्षानं नाक पुसलं. कागद उचलला, एकदा पुन्हा वाचला आणि आईच्या फाईलीत परत लावला, गॅसच्या अर्जाच्या वर. मग लॅपटॉप खुशीला द्यायला गेली. जाताना दारात आडवी उभी असलेली गाडी तिनं सरळ करून लावली.